रोज एक मिलिमीटर

९ जानेवारी

प्रकल्पाला मुदतवाढ नाही. विभागप्रमुखांनी खुर्ची पुढे सरकवली, पाणी विचारलं, आणि मग आजारी माणसाला सांगावं तसं हळूहळू सांगितलं. हाडात पडलेली मोठी पोकळी भरून काढायचा माझा जाळीदार ठोकळा सशांमध्ये चालला, मेंढ्यांमध्ये निम्मा चालला आणि माणसापर्यंत पोहोचला नाही. आता पोहोचणारही नाही. अर्धं आयुष्य मी दुसरं काही केलेलं नाही.

त्याऐवजी एक आढावा लिहायचा आहे. हाडातल्या पोकळ्या भरण्याचं, हाड पुन्हा उगवण्याचं संशोधन गेल्या वीस वर्षांत कसकसं वळत गेलं आणि आता कुठे निघालं आहे. ‘तुमच्याइतकं वाचलेलं आपल्याकडे कोणी नाही,’ असं म्हणाले. म्हणजे धावपटू थकला की त्याच्या हातात शिट्टी द्यायची, तू पंच हो.

घरी येऊन कोणाला तरी सांगावं म्हणून फोन उचलला आणि ठेवून दिला. आई असती तर म्हणाली असती, मग जेवलीस का? आई जाऊन तीन वर्षं झाली. म्हणून हे लिहायला घेतलं.

१८ जानेवारी

रविवार. दूधवाल्याला ‘पिशवी नको’ म्हणाले. दिवसभरात तेवढंच बोलणं झालं. संध्याकाळी स्वतःशी मोठ्याने काहीतरी पुटपुटले तर आवाज घोगरा निघाला, सर्दी झाल्यासारखा.

जुने निबंध वाचते आहे. त्या काळी सगळ्यांना एकच प्रश्न पडलेला: पोकळीत काय भरायचं? आम्ही सगळे गवंडी होतो.

४ फेब्रुवारी

वहिनीचा फोन. वहिनी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. तिचं पडद्यांचं दुकान आहे आणि ती कामाशिवाय फोन करत नाही. धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो. नोव्हेंबरात कामावरून येताना ट्रकने मोटरसायकलला मागून ठोकलं, नडगीचं हाड फुटून बाहेर आलं, इथपर्यंत मला माहीत होतं. तेव्हा मी दोन दिवस जाऊन आले होते. पण जखमेत पू झालाय, हाडाचा मोठा तुकडा मेलाय आणि तिकडचे डॉक्टर गुडघ्याखाली पाय काढू म्हणतात, हे आज कळलं.

‘ताई, तुम्ही यातल्याच ना?’ वहिनी म्हणाली.

मी हो म्हटलं. फोन ठेवला. मी यातली आहे म्हणजे नक्की कशातली आहे? मी मेंढ्यांच्या नडग्या पाहिल्या आहेत. पण आमच्या शेजारच्या रुग्णालयातल्या सर्जनबाई असे पाय वाचवतात, हे मला माहीत होतं. उद्या त्यांना भेटते. तो इथेच राहील. आईची खोली रिकामीच आहे.

२० फेब्रुवारी

शस्त्रक्रिया झाली. मेलेलं हाड काढून टाकलं. धाकट्याच्या नडगीत आता सहा सेंटिमीटर काहीच नाही. पायाभोवती धातूच्या रिंगा, त्यांतून आरपार गेलेल्या तारा, रिंगांना जोडणारे दांडे आणि नट. त्याला शुद्ध आल्यावर सर्जनबाईंनी स्वतः समजावून सांगितलं. वरच्या चांगल्या भागात हाड मुद्दाम कापलं आहे. तो कापलेला तुकडा रोज एक मिलिमीटर खाली सरकवायचा. तो पुढे जाईल तशी मागे पडणाऱ्या फटीत शरीर नवं हाड विणत जाईल. शेवटी तुकडा खालच्या हाडाला जाऊन टेकेल. मग सगळं पक्कं होईपर्यंत वाट बघायची.

‘म्हणजे लिफ्टच की,’ धाकटा म्हणाला. ‘रोज एक मिलिमीटर खाली येणारी. माझ्या बिल्डिंगींत असली असती तर लोकांनी मला जिन्यावरून ढकलला असता.’

सर्जनबाई हसल्या. त्या गेल्यावर त्याने मला विचारलं, ‘ताई, तुझं ते नाही का घालता येणार? ते एवढी वर्षं करतेस ते?’

ते अजून माणसांसाठी नाही, असं मी म्हटलं. ‘बरं,’ म्हणाला आणि माझ्या हातावर थोपटलं. मला थोपटलं त्याने. हाड त्याचं गेलं होतं.

६ मार्च

घरी आणला. वहिनी दोन दिवस राहून, औषधांचे डबे लावून, मला तीनतीनदा सगळं बजावून परत गेली. दुकान बंद ठेवता येत नाही.

नट तो स्वतःच फिरवतो, दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी पाव मिलिमीटर. पान्हा हातात आला की चेहराच बदलतो त्याचा. ‘स्वतःच्या पायाची सर्व्हिसिंग करणारा मी पहिलाच मेकॅनिक असेन.’ तारा कातडीत शिरतात तिथली जागा मी रोज साफ करते. पहिल्यांदा करताना डोळे मिटून घेतले त्याने. मी नाही मिटले, पण दर तारेला थांबून दुखतंय का विचारलं. प्राण्यांच्या बाबतीत असं कधी होत नाही.

तक्रारी: रेडिओ. ओला टॉवेल पलंगावर. चहात साखर इतकी की चमचा उभा राहील. वर्तमानपत्राची पानं क्रम सोडून. माझ्या शिस्तीच्या घराचा त्याने आठवड्यात बोऱ्या वाजवला.

१४ मार्च

संस्थेतून पाच वाजताच निघाले. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, ‘बऱ्या आहात ना?’ मी म्हटलं, भाऊ एकटा आहे घरी. हे वाक्य म्हणायला बरं वाटलं. वाटेत मोठी कढई घेतली. माझी एकटीची एवढुशी आहे.

२२ मार्च

त्याला आढाव्याचं काम समजावून सांगत होते. त्यालाच ऐकायचं होतं. दिवसभर पडून माणूस काय करणार. वीस वर्षांचे निबंध संगणकात घातले की कुठला शब्द कुठल्या वर्षी किती वापरला गेला त्याचं चित्र निघतं. आधी भराव: चिनीमातीसारखे पदार्थ, काचेसारखे पदार्थ, धातू. मग त्यात पेशी पेरणं. मग हाड वाढवणारी प्रथिनं. मग त्रिमितीय छपाई करून हुबेहूब आकाराचे सांगाडे. आणि आता गेल्या काही वर्षांत भरावाचं कोणी बोलतच नाही. आता सगळे विचारतात, तिथे रक्त कसं पोहोचेल? शरीराचे पहारेकरी त्या भागाला शत्रू समजतात की आपलं? हाड बाहेरून आणून बसवायचं नाही, शरीराला त्याची जुनी आठवण करून द्यायची.

‘तुझा ठोकळा यात कुठंय?’ त्याने विचारलं.

मी पडद्यावर दाखवला. डाव्या कोपऱ्यात, फिकट रंगाचा लहानसा ठिपका. फिकट म्हणजे जुना.

तो बराच वेळ बघत होता. ‘आहे पण,’ म्हणाला. ‘म्हणजे मोजलाय त्यांनी.’ मग म्हणाला, ‘तू हाडाची संशोधक आहेस, ताई. अक्षरशः.’ आणि स्वतःच्या विनोदावर इतका हसला की रिंगा हलून कळ आली.

९ एप्रिल

क्ष-किरण चित्र. तुकडा निम्म्याच्या पुढे सरकलाय. मागे धुकं दिसतं, पहाटे खिडकीवर साचतं तसं. तेच नवं हाड. माझ्या हयातीत मी असली चित्रं हजारांनी पाहिली असतील, तरी आज हे चित्र दोनदा परत मागून पाहिलं. सर्जनबाई म्हणाल्या, अजून जरा दाट हवं होतं, पण ठीक आहे.

वहिनी रोज सातला फोन करते. तो ‘हो’, ‘नाही’, ‘घेतल्या’ एवढंच बोलतो. तिचा आवाज मात्र फोनबाहेर ऐकू येतो. प्रोटीन खाल्लं का, व्यायाम केला का, ते केलं का, हे सोडलं का. बिचाऱ्याच्या मागे घरी केवढी कटकट असेल.

२७ एप्रिल

आज जेवताना म्हणाला, ‘इथे कसं, कोणी काही बोलत नाही.’

दिवसभर ते वाक्य मनात होतं. माझ्याकडे कोणाला निवांत वाटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

६ मे

तुकडा खाली टेकला. नट फिरवायचं काम संपलं. त्याने पान्हा पुसून पेटीत ठेवला आणि मग काही सुचेना त्याला. संध्याकाळभर खिडकीत बसून होता. आता नुसती वाट बघायची: वरचं नवं हाड पिकायची आणि खालचा सांधा जुळायची. ‘नट फिरवत होतो तोवर बरं होतं,’ म्हणाला. मी म्हटलं, कॅरम आणू का? म्हणाला, दोघांत काय मजा.

१९ मे

आज तंबाखूवरचा परिच्छेद लिहिला. इतर बाबतीत मतमतांतरं आहेत, यात नाहीत. रक्तवाहिन्या आकसतात, नवं हाड उशिरा येतं, कच्चं येतं, सांधे जुळत नाहीत. परिच्छेद चांगला उतरला आहे, स्वच्छ आणि कोरडा.

घरी आले तर धाकटा खिडकीत. खिडकी सताड उघडी, पंखा पूर्ण वेगात. सिगारेटचा वास येत होता. मी म्हटलं, खालच्यांची सिगारेट हल्ली फार वर येते. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘येते खरी.’

मी पडदा सारखा केला आणि चहा ठेवला.

२ जून

न्हाणीघरात खालून ओल चढते आहे. विचारायला खाली गेले तर कुलूप. पहारेकरी म्हणाला, ते मार्चपासूनच मुलीकडे गेले आहेत, सहा महिने येणार नाहीत. प्लंबर आपणच बोलवावा लागेल.

धाकट्याने आज पोच्ड अंडी मागितली, उकळत्या पाण्यात फोडून शिजवतात ती. मला येत नाहीत. तीन अंडी वाया घालवून चौथं जमलं. दोघांनी अर्धं अर्धं खाल्लं.

११ जून

क्ष-किरण. नवं हाड दाटत नाही. खालचा सांधा जुळायचं नाव नाही, दोन टोकं एकमेकांना टेकून नुसती उभी आहेत, लग्नघरातल्या न बोलणाऱ्या पाहुण्यांसारखी. सर्जनबाई गंभीर होत्या. रक्ताच्या तपासण्या ठीक, जंतू नाहीत, साखर नाही. मग त्यांनी त्याला थेट विचारलं, सिगारेट ओढता का? तो नाही म्हणाला. त्या माझ्याकडे वळल्या. ‘घरात तुम्ही असता. कधी दिसलं काही?’

मी म्हटलं, ‘मी तरी नाही पाहिलं.’

हे खोटं नाही. मी खरंच पाहिलेलं नाही.

त्यांनी पायाभोवतीची रिंगांची फ्रेम आणखी किमान तीन महिने ठेवायची म्हणून सांगितलं. घरी आल्यावर मला एकदम भूक लागली. दोन वेळचं जेवले. काळजीने माणूस खातो म्हणतात.

१३ जून

वहिनीला तीन महिन्यांचं सांगितलं. तिने ‘असं का होतंय?’ विचारलं. मी सांगितलं की मोठ्या पोकळ्यांमध्ये हाड जुळायला वेळ लागणं हे साहित्यात सर्वत्र नोंदलेलं आहे. ती म्हणाली, ‘साहित्यात असेल, ताई. यांच्या पायात का होतंय?’

प्रत्येक गोष्टीला काही ना काही कारण हवंच असतं लोकांना.

३० जून

पाऊस. धाकट्याला ताप नाही, जखमा स्वच्छ. मी त्याला विचारलं, इथे कंटाळतोस का? तो म्हणाला, ‘तुला काय वाटतं?’ मी म्हटलं, मला वाटतं नाही. तो हसला आणि रेडिओ लावला. त्याचा आवाज आता टोचत नाही मला. तो झोपला तरी मीच बंद करायची विसरते.

१७ जुलै

विभागप्रमुखांना आढाव्याचा मसुदा दिला. त्यांनी ‘पुढची दिशा’ हे प्रकरण आणखी ठाम करा म्हणून सांगितलं. मी लिहिलंय की प्रयोगशाळेतलं शंभरातलं एखादंच रुग्णापर्यंत पोहोचतं आणि रुग्णालयात आजही सर्वात भरवशाचं काय, तर रुग्णाच्याच कमरेतून काढलेलं हाड. हे त्यांना निराशाजनक वाटलं. मला तर दिलासा वाटतो. पण का, ते सांगता आलं नाही.

परत येताना जिन्यातच वास आला. मी जिन्यात थोडी थांबले. किल्ल्या वाजवल्या, खोकले, मग वर गेले. तो खिडकीत होता. मी चहा ठेवला.

आज स्वतःला सरळ विचारावं म्हणते. विचारलं असतं तर? तो चिडला असता. वहिनीला कळलं असतं. ती घेऊन गेली असती, आणि तिकडे कोण बघणार पायाकडे, ती दिवसभर दुकानात. इथे निदान मी आहे. जखमा मी साफ करते, रोज, एक दिवस चुकवलेला नाही. म्हणजे वैद्यकीय दृष्टीनेसुद्धा त्याने इथे असणंच योग्य आहे.

२ ऑगस्ट

वहिनी आली. न कळवता, सकाळच्या गाडीने. पिशवी खाली ठेवली, त्याच्या खोलीत गेली, पाच मिनिटांत बाहेर आली. तिच्या हातात पान्ह्यांची पेटी होती. वरचा कप्पा उचलला, खाली दोन पाकिटं आणि राखेने भरलेला डबा.

मी खुर्चीवर होते. ती माझ्यासमोर बसली. ओरडली नाही. मला वाटायचं ही ओरडणारी बाई आहे.

‘ताई, तुम्हाला सर्दी असते का नेहमी?’

मी नाही म्हटलं.

‘मग तुम्हाला माहीत होतं.’

ती म्हणाली, लग्नाआधीपासून ओढतात, अपघातानंतर मी सोडवली होती, रोज भांडून, रोज फोनवर विचारून. तुमच्याकडे पाठवताना एकाच गोष्टीची काळजी नव्हती मला. म्हटलं, ताईंना यातलं सगळं कळतं, त्या एक झुरका ओढू देणार नाहीत.

मग ती उठली आणि तिने स्वतःच सर्जनबाईंना फोन लावला. खोलीत धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला वाटलं, माझ्याकडे बघेल. बघितलं नाही.

५ ऑगस्ट

सर्जनबाईंकडे तिघं गेलो. त्या त्याला रागावल्या नाहीत, फक्त आकडे सांगितले. पूर्ण बंद केली तर सांध्यात कमरेचं हाड भरू, आशा आहे. नाही तर पाय काढण्याचा विषय पुन्हा निघेल, आणि तेव्हा तो विषय टाळता येणार नाही. धाकट्याच्या कपाळावर घाम होता. पाकिटं वहिनीने तिथेच केराच्या डब्यात टाकली.

निघताना सर्जनबाईंनी मला मागे थांबवलं. ‘तुमचा तो परिच्छेद मी वाचला,’ म्हणाल्या. मीच त्यांना मसुदा अभिप्रायासाठी दिला होता. ‘फार नेमका लिहिलाय.’ एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.

कानफटात मारली असती तर बरं झालं असतं.

२६ ऑगस्ट

शस्त्रक्रिया झाली. कमरेच्या हाडाचा कीस काढून सांध्यात भरला. ही पद्धत माझ्या आजोबांच्या वेळची आहे. आढाव्याच्या चित्रात तिचा ठिपकाच दिसत नाही. ती कधी नवी नव्हती आणि कधी जुनीही झाली नाही.

वहिनीने दुकान बहिणीवर सोपवलं आहे आणि ती इथेच राहते आहे. जखमा आता ती साफ करते. मी दाखवू का म्हटलं, तर म्हणाली, ‘दाखवलं होतंत की मार्चमध्ये. येतं मला.’ ती वाईट बोलत नाही. तीन ताटं वाढते, माझं आधी. दोघं भांडतात मात्र सतत. तो सिगारेटसाठी तडफडतो, कपबशी आपटतो, तिला नको नको ते बोलतो. ती त्याला दुप्पट ऐकवते. मग थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज येतो. मी बाहेरच्या खोलीत संदर्भसूची तपासते.

२० सप्टेंबर

सांध्यावर धुकं आलं आहे. अगदी पुसट. वहिनीला दिसलं नाही, मी बोट ठेवून दाखवलं. तिने माझं बोट धरूनच ठेवलं जरा वेळ.

१५ ऑक्टोबर

आढावा गेला. विभागप्रमुख खूश. शेजारच्या टेबलावरचीने अभिनंदन केलं आणि विचारलं, आता पुढे काय? मी म्हटलं, बघू.

१० डिसेंबर

फ्रेम काढली. पाय बारीक झालाय, कातडीवर तारांच्या खुणा, पण तो पाय आहे. तो कुबड्यांवर उभा राहिला, मग एक सोडली. वहिनी रडली. सर्जनबाईंनी चित्र प्रकाशाला धरलं: वर नवं हाड पांढरंशुभ्र, खाली सांधा भरलेला. रोज एक मिलिमीटर चालत आलेला तुकडा कुठे संपतो आणि जुनं हाड कुठे सुरू होतं, ते आता मलाही सांगता आलं नसतं.

मी पटकन विचारलं, आणखी महिनाभर इथे राहून व्यायाम केला तर? असं बऱ्याच अभ्यासांत सुचवलेलं आहे. सर्जनबाई म्हणाल्या, व्यायाम कुठेही होतो.

१२ डिसेंबर

गेली दोघं. त्याने वाकून नमस्कार केला, तर मी ओरडले, पायावर जोर देऊ नकोस. तो दचकला. मग गाडी आली.

१ जानेवारी

आईच्या खोलीचं दार बंद ठेवलं की घर लहान होतं. उघडं ठेवलं की फार मोठं होतं. सध्या अर्धवट लोटलेलं आहे.

२४ जानेवारी

त्याचा फोन आठवड्यातून एकदा येतो. पाय बरा आहे, कामावर जातोय, वर चढायचं काम सोडून. तू कशी आहेस? मी बरी. मग वहिनी फोन घेते आणि विचारते, जेवलात का? तेव्हा मात्र बोलता येत नाही मला.

२० फेब्रुवारी

तपासणीसाठी दोघं आली होती. सकाळी यायचं, दाखवायचं, पाचच्या गाडीने परत, असं ठरलेलं. मी सुट्टी घेऊन रुग्णालयात गेले. तो काठीशिवाय चालत आला. जरा ओढत, पण स्वतःच्या तोऱ्यात. वहिनी चित्रं आणायला गेली आणि आम्ही दोघं बाकावर बसलो. समोर फ्रेमवाल्यांची रांग होती. कोणाच्या दंडात रिंगा, कोणाच्या मांडीत. एक म्हातारे गृहस्थ धाकट्याच्या चालण्याकडे टक लावून बघत होते.

त्याने रांगेकडेच बघत विचारलं, ‘ताई, तुला पहिल्यापासून कळत होतं ना?’

हा प्रश्न कधीतरी येणार, हे मी धरून होते. मी म्हटलं, ‘हो.’

‘मग बोलली का नाहीस?’

मी म्हटलं, ‘तू गेला असतास.’

तो माझ्याकडे वळला. ‘कुठे जाणार होतो मी, पायात पिंजरा घेऊन?’

मग तो बोलत गेला, खालच्या आवाजात, एवढं सलग तो वर्षभरात बोलला नव्हता. म्हणाला, पहिली ओढली ती तुकडा टेकल्यावर दोन आठवड्यांनी, करायला काही उरलं नव्हतं म्हणून. किराणावाल्याकडून मागवली. त्या दिवशी तू आलीस आणि खालच्यांचं नाव घेतलंस. मला वाटलं, हिला खरंच कळलं नाही. मग मी तू यायच्या वेळेलाच ओढायला लागलो. खिडकीत बसून. मला वाटायचं, आज ओरडेल. आज तरी आईसारखी लाटणं घेऊन येईल. तू पडदा सारखा करायचीस आणि चहा ठेवायचीस. तेव्हा वाटायचं, हिच्या घरात मी कोण आहे? पाहुणा? का तिच्या त्या मेंढ्यांतलाच एक, ज्याची जखम रोज पुसायची आणि नोंद करायची?

‘तू म्हणाला होतास,’ मी म्हटलं, ‘की इथे कोणी काही बोलत नाही.’

‘अगं, ते चांगलं म्हणून म्हणालो होतो का मी?’

त्यानंतर काय झालं ते मला नीट क्रमाने आठवत नाही. मी उभी राहिले एवढं नक्की. तिथेच, रांगेसमोर, मी त्याला रागावले. लाज वाटत नाही का तुला, म्हटलं. घरी बायको दुकान सांभाळून तुझ्यासाठी जीव टाकते आणि तू खिडकीत बसून स्वतःच्या पायाला चूड लावतोस? नाही बोलली बहीण तर तू काय लहान आहेस? मला विचारता येत नव्हतं, तर तुला सांगता येत नव्हतं? सहा सेंटिमीटर हाड चालत आलं तुझ्यासाठी आणि तू! मी आईच्या भाषेत बोलत होते, आईच्या शिव्या देत होते, ज्या मला येतात हे मला माहीत नव्हतं. परिचारिका दारातून डोकावली. फ्रेमवाल्यांची सगळी रांग ऐकत होती. वहिनी चित्रांचं पाकीट छातीशी धरून परत आली, थांबली, आणि मध्ये पडली नाही.

धाकटा उठून मान खाली घालून उभा होता. दोन्ही पायांवर, सारखा भार देऊन. डोळे पुसत होता आणि हसतही होता, नालायक.

‘झालं?’ त्याने विचारलं.

मी म्हटलं, नाही झालं, आणि पुन्हा सुरुवात केली.

घसा पार बसला आहे. पाचची गाडी चुकली त्यांची. पुढची उद्या सकाळी आहे.